हुलवण

तीनशे बारा शब्द.
अकरा वर्षं लागली, वेसाव्याच्या बाजारात उकिडवं बसून,
पावतीच्या पाठीवर, तळहातावर, एकदा तर
म्हावऱ्याच्या ओल्या कागदावर, जो घरी येईतो विरघळला.
घरी संगणकावर उतरवून सगळ्यांसाठी उघडे ठेवले,
आणि प्रत्येकाखाली लिहीत गेले, कुणी दिला :
वलांडी, चांगुणाबाय. भांग, तिचा दीर पोशा.
निवटी, पोर आहे एक, नाव सांगत नाही,
विचारलं की चिखलात निवटीसारखंच सटकतं.

शिमग्याच्या सुमारास कळलं, कुणीतरी सगळं उचललंय.
माझ्याच ओळी, माझ्याच क्रमाने.
ओहोटीतली टी माझ्याकडून ऱ्हस्व राहिली होती,
तीही तशीच.
फक्त नावं नव्हती.
खवले उडवावेत तशी नावं उडवलेली.

पुरावा होता माझ्याकडे.
एकशे सत्त्याण्णवावा शब्द मी पेरला होता.
हुलवण : भरती संपल्यावर, ओहोटी लागायच्या आधी
पाणी क्षणभर विचारात पडतं, ती वेळ.
असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.
एका रात्री, चहा उतू जात असताना, मी तो बनवला,
पोटात हूल ठेवून,
म्हणजे चोर नेईल तेव्हा हुलीसकट नेईल.
नेला.

फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
कुरकुरणाऱ्या पंख्याखाली
वकीलबाई धनावडे म्हणाल्या, छान, पकडलात.
मग चष्मा काढून : पण बाकीचे तीनशे अकरा?
शब्द कुणाच्या नावावर लागत नाहीत. मांडणी तुमची.
नोटीस काढू आपण. एक मात्र आणा,
हा शब्द आमच्यात नाही, असं लिहून,
एखाद्या कोळिणीच्या सहीने.

गेले. चांगुणाबाय मांदेली निवडत होती.
कागद काढायच्या आधी सहज विचारलं,
हुलवण ऐकलंयस का गं कधी?
हात थांबला नाही तिचा.
"हुलवण? मंग! आमची आय बोलायची.
पानी हुलवणीला आलं, आता होडी सोडू नको."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.
नातवाने मोबाइलवर वाचून दाखवलं असेल.
किंवा मला बरं वाटावं म्हणून.
किंवा खरंच तिची आय, साठ-सत्तर वर्षांपूर्वी, याच ओट्यावर,
आणि मी बनवला नाहीच,
कुठेतरी कानावर पडला, विसरले,
म्हणजे पहिली चोर मीच.
कागद पिशवीतच राहिला. शंभराचा वाटा घेतला.
तिने वर चार मांदेली टाकली, नेहमीसारखी.

नोटीस राहिली.
त्या रात्री अर्थ पुन्हा लिहायला बसले, सगळेच.
नाव आता खाली नाही. नाव अर्थाच्या आत,
जाळ्यातल्या गाठीसारखं,
सोडवायला जावं तर जाळंच उसवेल :
वलांडी : चांगुणाबाय जिच्यावर बोंबील
तोंडात तोंड अडकवून वाळत घालते, ती.
भांग : पोशा ज्या दिवसांत होडी काढत नाही
आणि बायकोशी भांडतो, ते.
हुलवण : चांगुणाबायची आय म्हणायची,
असं चांगुणाबाय म्हणते.

दहा दिवसांनी तिकडे पाहिलं.
आळशी माणूस. सगळं जसंच्या तसं,
पोशाचं भांडणसुद्धा.
मोजलं मी, चांगुणाबाय एकसष्ट वेळा.

धावत सांगायला गेले.
तिने सुरी पुसली.
"एकसष्ट? मंग पैसं कोन देनार त्याचं?
तो, का तू?"

मी पिशवी पुढे केली.
या वेळी तिने वर काही टाकलं नाही.